पुस्तकात छापलेलं वावर

निसर्गचित्र कसं पाहावं हे शिकवायला गावोगाव हिंडणारा खुळा माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि तो मी. ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायचा तर आधी छाती घट्ट करून घ्यायची, कारण ओळखीच्या एखाद्या गावाचं नाव आत असेल की काय याची धास्ती. अशा दिवसांत मी पिशवीत चित्रांची पुस्तकं भरून एसटीनं निघायचो. बाभुळगावला एका सभेत एक गृहस्थ ताडकन उठले अन् म्हणाले, "मास्तर, इथं माणसं मरून राह्यली अन् तुम्ही झाडंझुडपं कायले दाखवून राह्यले?" मी मुळातच तिरसट. म्हटलं, "मग काय करू? सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं का?" सभा तिथंच आटोपली. घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

माझं म्हणणं मात्र साधं होतं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात दोनच जातींची चित्रं दिसायची. एक जात मुंबई-दिल्लीहून जीपगाड्यांतून येणाऱ्या कॅमेरेवाल्यांची. भेगाळलेली जमीन, रिकामी खाट, तोंडाला पदर लावलेली बाई. दुसरी जात बियाण्यांच्या पाकिटांवरची. छातीला लागणारी हिरवीगार पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मुठीएवढं बोंड, आणि मधे दात काढून उभा असलेला एक फेटेवाला. असा फेटा आमच्याकडे लग्नातही कोणी बांधत नाही हो! एका चित्रात आम्ही मेलेले, दुसऱ्यात आम्ही जाहिरातीतले. मधलं जे खरं, काळ्या मातीचं, सागाच्या डोंगरांचं, फाल्गुनात पळस पेटतो त्या धुऱ्याबांधाचं, ते कोणी दाखवतच नव्हतं. आणि आपलं आपण पाहायला शिकलो नाही, तर दुसऱ्यानं दाखवलेलंच खरं वाटायला लागतं. मला त्याची भीती वाटायची. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. सुरुवातीची पुस्तकं मी घरीच केली. जुन्या कॅलेंडरांतली, मासिकांतली निसर्गचित्रं कापायची, ड्रॉइंगच्या जाड कागदावर चिकटवायची, खाली ठळक अक्षरात चार ओळी लिहायच्या: उजेड कुठून येतो ते शोधा. जवळचं काय, लांबचं काय ते पाहा. चित्रात तुम्ही कुठं उभे आहात ते सांगा. मग कागद दोऱ्यानं शिवायचे. गावात गेलो की पंधरावीस माणसं जमायची, निम्मी तर चहा मिळेल म्हणून. मी चित्र उघडून समोर धरायचो आणि सांगायचो, आता थोडा वेळ कोणी बोलायचं नाही, नुसतं पाहायचं. हे फार अवघड काम आहे बरं. पाहायला सांगितलं की माणूस बोलायला लागतो.

आणि बोलायचे ते काय? उमरखेडकडच्या एका तांड्यावर मी डोंगरउताराचं एक सुंदर चित्र उघडलं. हिरवी शेतं, मधून वाट, वर ढग. सगळे खरंच गप्प बसले. मला वाटलं, चला, आज कोणाला तरी काहीतरी दिसलं. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेल्या तांड्याच्या नाईकांनी विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं बी हाय गुरुजी? एकरी किती निंघते?" मागून दुसरा म्हणाला, "पहिले भाव सांगा, मंग चित्र दाखवा." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. हिरवं शेत चित्रात आलं की ते विकायलाच आलेलं असणार, हे आमच्या माणसांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. त्यात त्यांची काय चूक? दर जून महिन्यात तशीच चित्रं घेऊन माणसं यायची आणि दर दिवाळीला गायब व्हायची.

तर या सगळ्या हिंडण्यात माझा खरा आधार एक होता. बाभुळगावपासून थोड्या अंतरावर एका खेड्यात माझा मित्र राहायचा. चित्रकलेची पदविका आम्ही दोघांनी एकाच वर्गात केली. मला नोकरी लागली, त्याला लागली नाही. तो बापाच्या कोरडवाहू वावरात परत गेला आणि जोडीला दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, विहारावरची अक्षरं रंगवायला लागला. सगळं गाव त्याला पेंटर म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा. चित्रकलेत तो माझ्यापेक्षा सरस होता, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

हा माणूस एकच चित्र काढायचा. आपलं वावर. दर हंगामाला धुऱ्यावरच्या त्याच दगडावर बसून, तीच एक बाभूळ, तीच कलंडलेली झोपडी, मागं तोच बुटका डोंगर. हार्डबोर्डावर तेलरंगानं काढायचा. नांगरलेलं वावर, डवरलेलं वावर, उलंगवाडी झाल्यावरचं, म्हणजे शेवटचा कापूस वेचून झाल्यावरचं, वावर. एकाखाली एक अशी ती चित्रं घरात बाजेखाली पडलेली असायची. भिंतीवर एकही नाही. मी एकदा वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं तर त्या चुलीपाशीच बसून म्हणाल्या, "दिवसभर तेच पाहतो ना भाऊजी. घरी आल्यावर बी तेच पाहू का?"

एका वर्षी कार्तिकाच्या सुमारास मी त्याच्याकडे गेलतो. त्या साली लाल्या आला होता. लाल्या म्हणजे काय ते कापूसवाल्याला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. ऐन बोंडं धरायच्या वेळी पऱ्हाटीची पानं लाल पडत जातात, अख्खं वावर लालेलाल होतं, आणि मग बोंड भरत नाही. पेंटर अंगणात बसला होता. "जय भीम मास्तर," म्हणाला, आत गेला, आणि बाजेखालून एक बोर्ड काढून त्यानं माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवला.

मी इतकी वर्षं लोकांना गप्प राहून चित्र पाहायला सांगत आलो, पण त्या दिवशी माझीच बोलती बंद झाली. सगळं वावर लाल. पण एकसारखा लाल नव्हे. जवळची पानं तांबडी, मधली जांभळट, लांबची विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. वर आभाळ एकदम फिकं, जसं आपल्याकडे पाऊस लवकर गेल्यावर असतं तसं. झोपडी एका कडेला. माणूस कुठंच नाही. मी म्हणालो, "अबे, हे फार सुंदर आहे." तर तो चिडला. माझ्यावर तो क्वचित चिडायचा. "सुंदर हाय म्हणून नाही काढलं मास्तर. होतं म्हणून काढलं. पीक गेलं माझं. मी तिथं बसून पाहत होतो, अन् ते असं होतं." मग म्हणाला, "मी हे कोणासाठी काढून राह्यलो, सांग ना? घरचे पाहत नाही. गावातले म्हणते, पेंटरले काम नाही. आता एवढं एक पाहू. या चित्राले एक जरी माणूस म्हणला ना, हाव, असंच होतं, तं मी काढत राहीन. नाहीतर पाट्या रंगवतो अन् गप पडतो. हात थकला नाही माझा, डोळा थकला."

ते ऐकून मला भडभडून आलं. मी तिथंच ठरवलं की हे चित्र लोकांपुढे न्यायचं. योगही तसा आला होता. यवतमाळच्या एका छोट्या वाचनालयानं माझं पुस्तक छापायचं कबूल केलं होतं, दोऱ्यानं शिवलेलं नव्हे, खरंखुरं, रंगीत चित्रांचं. आजवर मी लोकांना परक्या मुलखांची चित्रं दाखवत होतो, आता शेवटचा धडा आपल्या मातीवरचा होणार होता. पेंटरच्या चित्राला मी पूर्ण पान दिलं आणि समोरच्या पानावर जीव ओतून लिहिलं. लाल रंगाकडे घाबरून पाहू नका, लिहिलं. तो कुठं तापतो, कुठं विझतो ते शोधा. हे वावर तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त थांबून पाहिलेलं नाही. पेंटरला मी तो मजकूर वाचून दाखवला. मी निघालो तेव्हा तो फाट्यापर्यंत पोचवायला आला आणि एसटी हलेपर्यंत उभा राहिला.

चित्र सोबत नेऊन स्टुडिओत त्याचा फोटो काढून घेतला, मजकुराची प्रुफं डोळ्यांत तेल घालून तपासली. रंगीत प्रूफ मी मागितलं तर छापखान्याचे मालक म्हणाले, "आमच्याकडे रंगीत प्रूफ पाहण्याची पद्धत नाही सर. काळजी करू नका, वर्षभर रंगीतच छापतो आम्ही." खोटं नव्हतं. वर्षभर ते रंगीतच छापायचे. उन्हाळ्यात लग्नपत्रिका आणि बाकीचे सगळे दिवस बियाण्यांची, फवारणीच्या औषधांची पत्रकं.

पुस्तक झाल्याचा निरोप आला. मी शाळेतून तसाच गेलो. बांधलेले गठ्ठे भिंतीशी रचून ठेवले होते. एक प्रत उचलली आणि सरळ शेवटचं पान उघडलं.

वावर हिरवं होतं.

नुसतं हिरवट नव्हे हो, हिरवंगार! झोपडी तीच, बाभूळ तीच, डोंगर तोच, कोपऱ्यात पेंटरची सही तीच, आणि मधे लाल्याच्या जागी पाकिटावरची पऱ्हाटी डोलत होती. आभाळही निळंभोर केलेलं. मी ओरडलो तशी मशीन थांबली. कंप्युटरवर बसणारा ऑपरेटर धावत आला. बिचाऱ्याचा चेहरा आधी आनंदी होता, शाबासकी मिळेल असा. म्हणाला, "सर, तुमच्या फोटोत कलर लय बिघडून आलता. सगळं वावर लालभडक! मले वाटलं स्टुडिओवाल्यानं घोळ घातला. मी दिवसभर बसून दुरुस्त केलं." मी म्हटलं, "अरे, समोरच्या पानावर लाल लिहिलंय, ते वाचलं नाहीस?" तर तो म्हणतो, "मॅटर आम्ही वाचत नाही सर, लावतो." आणि मग अगदी मनापासून विचारलं, "पण सर, पुस्तकात कोणी लाल वावर छापते का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांना नाही नाही ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. कागद संपला होता, वाचनालयाकडे पुन्हा छापायला पैसे उरले नव्हते, आणि गठ्ठ्यांवर माझंच नाव होतं. रागाला शेवटी जागा लागते, तीही उरली नाही. मी एक प्रत पिशवीत टाकली आणि बाहेर येऊन पानठेल्याच्या बाकावर किती तरी वेळ बसलो. रडलो म्हटलं तरी चालेल.

पेंटरला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्यानं पुस्तक घेतलं, हात पुसले, शेवटचं पान उघडलं आणि पाहत राहिला. मी वाट पाहत होतो की आता हा मला शिव्या घालेल. तो हसला. "चांगलं पिकलं मास्तर यंदा," म्हणाला. पुन्हा पाहिलं. मग चेहरा उतरत गेला आणि हळूच म्हणाला, "हे कोणालेच नोको दाखवू. मी पाया पडतो." पण तेही हातात नव्हतं. गावातल्या पोरीबाळींनी विहाराच्या सभागृहात पुस्तकाचा कार्यक्रम आधीच ठरवला होता. आपल्या पेंटरचं चित्र पुस्तकात छापून आलं, ही बातमी आजूबाजूच्या गावांतही गेली होती. वहिनींनी त्या दिवसासाठी नवी साडी काढून ठेवली होती.

कार्यक्रमाला अख्खं गाव लोटलं. त्रिसरण-पंचशील झालं, दोनचार भाषणं झाली, मग पुस्तकाच्या प्रती हातोहात फिरायला लागल्या. मी मंचावर पेंटरच्या शेजारी मान खाली घालून बसलो होतो. आणि खालून आवाज उठायला लागले. "अरे, हे तं पेंटरचं वावर!" "हे पाह्य बाभूळ! अन् हे झोपडी, बराबर तशीच कलंडली." माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. बायांनी पुस्तक आपसांत ओढलं. कधी नव्हे ते सगळे चित्र पाहत होते, मी न सांगता गप्प होऊन पाहत होते. एक म्हातारी पान डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "माय वं! असंच होतं. आमच्या लहानपणी असंच होतं वावर." तिनं पुस्तकावरून दोन्ही हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मी पेंटरकडे पाहिलं. जे वाक्य ऐकायला हा माणूस इतकी वर्षं धुऱ्यावर बसला, ते आलं होतं, आणि आलं ते भलत्याच चित्राला. माझ्यानं राहवेना. मी खुर्ची सरकवून उभा राहिलो. सांगणार होतो की बाबांनो, हे खोटं आहे, हे त्यानं काढलेलं नाही, छापखान्यानं बिघडवलंय. पेंटरनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुखलं. "बस मास्तर," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "पाहू दे त्याइले. खुश होऊन राह्यले ते. तुझं काय जाते?" मी बसलो. खाली वहिनी पुढच्या रांगेत होत्या. पानावरून बोट फिरवत होत्या, नवऱ्याचं चित्र त्यांनी असं हातात घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते पान कापून त्यांनी घरात भिंतीला चिकटवलं. गावात आणखीही काही घरांत ते लागलं. नुसतं तेवढं एक पान. बाकीचं पुस्तक, माझे उजेडाचे आणि अंतराचे धडे, कुठं गेले असतील कोण जाणे.

मी तरी गप्प बसायला हवं होतं ना? पण नाही. मला वाटायचं, मूळ चित्र अजून माझ्याकडे आहे, ते दाखवलं की लोकांच्या लक्षात येईल. केळापूरकडे, उमरखेडला, जिथं जिथं पुस्तक गेलं तिथं मी ते हार्डबोर्ड कपड्यात गुंडाळून नेलं. उमरखेडला एका शाळेत एक शिक्षक उठले. त्यांनी धडा खरंच वाचला होता. मला किती बरं वाटलं! ते म्हणाले, "सर, चित्र हिरवं आहे आणि तुम्ही सगळीकडे लाल लिहिलंय. लिखाणात चूक राहून गेली दिसते." मी म्हटलं, "लिखाण बरोबर आहे, चित्र चुकलंय," आणि कपडा सोडून मूळ चित्र उभं केलं. शिक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत पाहिलं, आणि मला धीर द्यावा तसं म्हणाले, "पुस्तकातलं जास्त चांगलं आलंय सर. वाईट वाटून घेऊ नका."

शेवटी मी ते चित्र पेंटरच्याच गावात नेलं. त्याला न विचारता नेलं असं नाही, विचारलं होतं, तो "ने" म्हणाला. विहाराच्या त्याच सभागृहात, थोडी माणसं. मी म्हटलं, "हे पाहा, हे खरं. त्या साली लाल्या आलता, आठवतंय? तुमच्या सगळ्यांच्या वावरात आलता." आठवत होतं हो. न आठवायला काय झालं! चेहऱ्यांवरून कळत होतं. कोणी मान वळवली, कोणी उठून थुंकायला गेलं. एक जण म्हणाला, "हे पहिले कच्चं काढलं असन. मंग पुस्तकासाठी पक्कं केलं." दुसऱ्यानं लगेच मान डोलवली. "हाव ना. रंग बसले नाही याच्यात." ती बोटं मोडणारी म्हातारीही होती. तिनं एकदा पाहिलं आणि पदर ओढून घेत म्हणाली, "झाकून ठेव रे बाबा ते. कायले काढते असं?"

पेंटर दारात उभा होता. त्यानं ते सगळं ऐकलं. मला त्या गावाचा राग आला. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी, जाऊ द्या. रस्ताभर मी लोकांना शिव्या घालत होतो आणि तो माझ्या बाजूनं चालत होता. फाट्यावर आल्यावर म्हणाला, "त्याइले नोको बोलू मास्तर. त्याइले समजलं. समजलं म्हणूनच झाकाले लावलं." मग एसटी आली. मी चढत असताना त्यानं चित्र माझ्या हातातून काढून घेतलं. "माझ्यापाशी राहू दे," म्हणाला.

त्यानंतर माझं हिंडणं कमी होत गेलं. वाचनालयानं दुसऱ्या पुस्तकाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पेपरातली गावांची नावं काही कमी झाली नाहीत. शाळेत पोरांना परीक्षेसाठी निसर्गचित्र काढायला सांगायचो. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली हिरवं शेत काढून सगळी पोरं मोकळी व्हायची, आणि मी लाल शाईनं गुण देऊन मोकळा व्हायचो. पेंटरची खबर मधून मधून लागायची. धुऱ्यावर तो आता बसत नाही, असं कोणीतरी सांगितलं. मी स्वतःची समजूत घातली की कामात असेल.

मग एका साली पेरणीच्या आधी, ऐन उन्हाच्या दिवसांत, मी न कळवता त्याच्याकडे गेलो. सकाळची वेळ होती. तो अंगणात निंबाच्या सावलीत बसला होता. मांडीवर बोर्ड, हातात ब्रश, बाजूला तेलाची वाटी. मला क्षणभर इतका आनंद झाला म्हणून सांगू! काढतोय म्हणजे, हा माणूस काढतोय! मी दारातूनच हाक मारली. "ये मास्तर," तो म्हणाला, पण मान वर केली नाही. जवळ गेलो तर त्याच्यासमोर विटेला टेकवून माझं पुस्तक उघडं ठेवलेलं होतं, शेवटच्या पानावर. पान कापलेलं नव्हतं, कोणाकडून तरी दुसरी प्रत मागून आणली असावी. आणि मांडीवर तेच चित्र होतं, लाल्याचं. वरचं आभाळ निळं झालं होतं. डोंगरापासून खाली बाभळीपर्यंत वावर हिरवं झालं होतं.

"हे काय करून राह्यला?" मी विचारलं.

"पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले," तो म्हणाला. "तुझी वहिनी म्हणे, भिंतीवर कागद बरा दिसत नाही. मोठं लावू. मोठं तं हेच हाय." ब्रश चालूच होता, हात तितकाच सफाईदार. "अन् खरं सांगू? पुस्तक पाहून पाहून मले आता ते साल तसं आठवतच नाही. डोळे मिटले का हेच दिसते. मंग कायले भांडत बसू?"

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्याच्या हातातून ब्रश ओढून घ्यायचा होता. बोंब मारायची होती. ते लाल मी पाहिलं होतं, माझ्याशिवाय त्याला साक्षीदार नव्हता, आणि थोड्या वेळात तोही पुरावा राहणार नव्हता. पेंटरनं बोर्ड दोन्ही हातांनी लांब धरला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तू शिकवते ना लोकाइले पाहाले," तो म्हणाला. "पाह्य मंग. जुळलं का पुस्तकाशी?"

मी पुस्तक पाहिलं, चित्र पाहिलं. दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. झोपडीच्या मागं, कुडाच्या आडोशाला, बोटाएवढा लाल राहून गेला होता.

"तिथं राह्यलं," मी बोट दाखवून म्हणालो.

"हाव की," म्हणून त्यानं ब्रश बुडवला.